मर्जीराव बाहेर येत नाहीत

“काका, दार उघडं आहे. जा की आता घरी,” हवालदार पुन्हा म्हणाला.

“जा म्हणजे? हा हुकूम आहे का?” कोठडीतल्या बाकावरून मर्जीरावांनी विचारलं.

“विनंती समजा.”

“वर्दी घालून विनंती होत नसते. आणि हुकूम मी पाळत नाही. बसलो इथेच!”

हवालदारानं कपाळावर हात मारला. सकाळी मर्जीरावांनी बागेतली ‘हिरवळीवर चालू नये’ ही पाटी उपटली आणि ती खांद्यावर टाकून ते हिरवळीवर गोल गोल चालत राहिले. माळ्यानं हटकलं, तर त्याला स्वातंत्र्यावर भाषण दिलं. बिचारा ऐकता ऐकता त्यांच्यामागून दोन फेऱ्या चालला. मग पोलिसांनी उचलून आणलं. आता साहेबांनी सोडून द्या म्हणून सांगितलं होतं, तर हे गृहस्थ सुटायला तयार नाहीत. कोठडीतून पळणाऱ्याला कलम असतं. न जाणाऱ्याला कुठलं लावायचं, हे हवालदाराला कुणी शिकवलं नव्हतं.

मर्जीराव हे लोकांनी पाडलेलं नाव. काहीही विचारा, उत्तर एकच: “माझी मर्जी!” सरकार नको, कर नको, परवाना नको, रस्त्यावरचा लाल दिवासुद्धा नको. त्यांच्या पक्षात सात माणसं होती. अध्यक्ष नव्हता, कारण अध्यक्ष म्हणजे जुलूम. त्यामुळे सभा सुरू करा असं कुणी कुणाला म्हणू शकत नसे, आणि आता पुरे असंही. पण माणूस खोटा नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. भाजीवालीची हातगाडी सरकारी ट्रकमध्ये चढवली, तेव्हा सगळी शहाणी माणसं खिडकीतून मजा बघत होती. हा एकटा ट्रकपुढे आडवा झाला. गाडी परत मिळाली. फक्त भाजीवाली “उठा आता, दादा” म्हणाली, आणि ते अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.

आजची गोष्ट वेगळी होती. समोरच्या इमारतीत विवाह नोंदणीची कचेरी होती. तिथे त्यांची एकुलती एक लेक लग्नाला उभी होती. कचेरी बंद व्हायची वेळ होत आली होती आणि तिनं अजून सही केली नव्हती. बाबांची वाट बघत होती. “दोघांच्या प्रेमात सरकारचा शिक्का कशाला?” म्हणून बाबांनी महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं. त्यात जावई कर खात्यात कारकून.

तेवढ्यात बायको धापा टाकत आली.

“खबरदार इथून हललात तर! लग्नात तुमचं काही काम नाही. बसा इथेच!”

मर्जीराव ताडकन उठले. “मला बसा म्हणणारी तू कोण? हा निघालो!”

एक पाय दाराबाहेर पडलासुद्धा. हवालदारानं सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मर्जीरावांची नजर बायकोच्या हातावर गेली. हातात त्यांचा ठेवणीतला सदरा होता. कडक इस्त्रीचा.

पाय आत आला.

“येऊ नका म्हणतेस, मग सदरा कशाला आणलास?”

बायकोनं सदरा पाठीमागे नेला.

“म्हणजे मी यावं, म्हणून येऊ नका म्हणालीस?”

सदरा आणखी मागे गेला.

“आणि काल दूध आणू नका म्हणालीस ते?”

“दूध संपलं होतं.”

“मिशी काढू नका म्हणालीस ते?”

“टोचायची.”

मर्जीरावांचा आवाज चिरकला. “आणि लग्नाआधी म्हणाली होतीस, माझ्या नादी लागू नका...”

बायको सदरा पुढे घेऊन त्याची घडी नीट करू लागली.

मर्जीराव बाकाकडे वळले आणि मध्येच थबकले. बाहेर पडावं, तर हवालदाराचं ऐकल्यासारखं, आणि बायकोच्या मनातलंही. बसावं, तर ती तोंडानं ‘बसा’ म्हणालीच होती. ते अर्धे बसले. मग अर्धे उठले. मग तसेच गुडघ्यात वाकून राहिले.

“काका, कंबर धरेल,” हवालदार म्हणाला.

“सल्ला नकोय!”

समोरून लेक रस्ता ओलांडून आली. तिच्यामागून आलेला जावई पोलीस चौकीच्या पायरीवरच थांबला. सासरे त्याला बघून आणखी वाकतील, अशी त्याला भीती होती.

“आई, तू एक शब्द बोलू नकोस. हवालदारसाहेब, तुम्हीही नाही,” लेक म्हणाली. ती सरळ कोठडीत शिरली आणि बाकावर बसली. बाबांचा हात धरून तिनं त्यांना शेजारी बसवलं.

“बाबा, मी या म्हणत नाही. येऊ नका, असंही म्हणत नाही. सही मी करणार आहे. तुम्ही आलात काय, नाही आलात काय, मी तुमचीच. रुसणार नाही, रडणार नाही, उद्या टोमणे मारणार नाही. खरंच. फक्त एवढंच सांगा, तुम्हाला काय हवंय?”



मर्जीरावांनी सवयीनं छाती फुगवली. तोंड उघडलं. पण समोर ना हुकूम होता, ना बंदी. धडक द्यायला भिंतच नव्हती. त्यांनी छताकडे पाहिलं. गजांकडे पाहिलं. हवालदाराकडे आशेनं पाहिलं, हा तरी दरडावेल म्हणून. तो बापडा नखं बघत होता. फुगलेली छाती हळूहळू खाली बसली.

मर्जीराव उठले, गजांपाशी गेले आणि पलीकडे उभ्या असलेल्या बायकोला अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “अगं, मला काय हवंय?”