पहिली बॅच

सुनेत्रा फरांदेने सकाळी बाकीच्या सगळ्या बॅचचं अपडेट थांबवलं, तेव्हा वृद्धाश्रमाच्या दारात नातेवाइकांनी तिला गराडाच घातला. इथल्या प्रत्येकाच्या कानामागे बटणाएवढा संगणक होता. विसरायला लागलेल्या मेंदूच्या आठवणी तोच सांभाळायचा.

"तुम्ही वेळेवर थांबवलंत म्हणून माझी आई वाचली," एक जण हात जोडून म्हणाला.

सुनेत्रा नुसतीच हसली. नवं अपडेट आधी मोजक्यांना द्यायचं आणि सगळं ठीक दिसलं की मग बाकीच्यांना, अशी इथली पद्धत. पहिल्या बॅचला कोणीच आपलं माणूस देईना. दुसऱ्यांच्या आईबापांवर प्रयोग करते, असं कोणी बोलू नये म्हणून ती दर वेळी पहिलं नाव अण्णांचं घालायची, स्वतःच्या वडिलांचं. आजवर कधी काही बिघडलं नव्हतं.

या वेळी त्या बॅचच्या आठवणीतले सगळे चेहरे पुसले गेले. ते परत आणायची सोय नव्हती.

अण्णा बागेतल्या बाकावर बसले होते. कालपर्यंत तिला लांबून बघूनच ते "सुनू, जेवलीस का गं?" म्हणून हाक मारायचे. आज ती शेजारी टेकली, तसे ते अदबीने जरा सरकले.

"बसा ना. तुमचंही कोणी आहे वाटतं इथं?"

"आहेत," सुनेत्रा म्हणाली. "पहिल्या बॅचमध्ये होते."

"अरेरे!" अण्णा कळवळले. "पण आधी विचारलं होतंत ना त्यांना?"