मनोरा रोज पडतो

महेश्वरहून आणलेले गोटे रंगवायचे आणि एकावर एक रचायचे, हा संहिताचा शौक. सकाळी ऑफिसला जाण्याआधी ती बाल्कनीत मनोरा रचायची आणि संध्याकाळी छत्रीबागेतल्या घरी परतली की तो पडलेला असायचा. रंगाचे टवके उडालेले बघून तिचं डोकंच फिरायचं.

"कबूतरं असतील, जाऊ दे ना यार," नवरा मानस म्हणाला. तिने जाळी बसवून घेतली. मनोरा तरीही पडलाच.

"बाबा, तुम्ही तर दिवसभर इथेच असता. कोण पाडतं हो?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"मला झपकी लागली होती, बेटा," श्रीपादराव म्हणाले.

शनिवारी ती चिडून दुपारीच घरी आली. आज पकडायचंच! बाल्कनीत श्रीपादराव खुर्ची पुढे ओढून बसले होते. लकवा झाल्यापासून व्यायाम म्हटलं की जो उजवा हात ते चादरीखाली लपवायचे, त्याच हाताने मनोऱ्याचा वरचा गोटा उचलून ते परत ठेवू बघत होते. हात थरथरला आणि सगळे गोटे खाली आले.

"धत् तेरे की!" ते स्वतःवरच वैतागले. मग दारात ती दिसली, तसे ओशाळले. "व्यायामाच्या त्या रबरी बॉलपेक्षा हे बरं वाटतं गं."

 

सोमवारी निघताना संहिताने मनोरा रचला आणि शेवटचा गोटा बाबांच्या उजव्या हातात ठेवला.