संकल्पातलं नाव

वातींचा डबा अर्धाच भरून देवघरात पडला होता. शाल्मली बरी व्हावी म्हणून वृंदाने लक्ष वातींचा नेम धरला होता. छप्पन्न हजारांवर लेक गेली आणि हात थांबले. तेव्हापासून घराची बेल फक्त दूधवाला वाजवायचा.

आज फोन वाजला. “वृंदाताई, शाल्मलीची ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ आम्ही जपून ठेवलीय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हा कर्करोग फार थोड्या मुलांना होतो. नमुनेच मिळत नाहीत, मग औषध कसं शोधायचं? तुम्ही हो म्हणालात तर संशोधनासाठी वापरू.”

लेकीचं एवढंसं काही अजून उरलंय, हे वृंदाला आत्ताच कळत होतं. ते मागून घ्यावं, नदीत सोडावं, असं वाटून गेलं.

“त्यानं माझी शाल्मली…”

“नाही हो, ताई. पुढचं एखादं लेकरू, कदाचित.”

होकाराची सही करून आल्यावर तिने गुरुजींना बोलावलं. नेम पुन्हा धरायचा होता.

“संकल्प कुणासाठी, वहिनी? नाव, गोत्र सांगा.”

वृंदाने कापूस पुढे ओढला.

“ठाऊक नाही, गुरुजी. लहान आहे, एवढंच सांगा देवाला.”