मागचे दिवे

"पेटले, मास्तर?" गाडीखालून बाबाजीने विचारलं.

"नाही," गाडीमागे उभे असलेले सदाशिव मास्तर म्हणाले.

डिचोलीतल्या बाबाजीच्या गॅरेजात सकाळपासून हेच चाललं होतं. गाडी सत्तर सालची, पांढरी. हळर्णच्या शाळेत असताना मास्तरांनी घेतलेली. आता ते ती विकत होते. मोरजीला पाहुण्यांसाठी खोल्या बांधणाऱ्या गोकुळदासला गाडी पसंत होती. अट एकच, रिव्हर्स टाकल्यावर मागचे दिवे लागले पाहिजेत. ते लागत नव्हते. दुपारी येऊन तो गाडी नेणार होता.

विकता कशाला, असं बाबाजीने विचारलं होतं. वय झालं, एवढंच मास्तर म्हणाले. त्यांची बायको वत्सलाबाई बाकावर चहा पीत बसली होती. तिने सांगितलं, की येताना ह्यांनी गाडी इतकी हळू आणली, मागचा बसवाला हॉर्न वाजवून कंटाळला. बाबाजीला त्यात नवल वाटलं नाही. गाडी मास्तरांना मुलीसारखी, आणि मुलीला सासरी पोचवताना कोण घाई करतो? उतरल्यावरही मास्तर बॉनेटवरून हात फिरवत, दारं चाचपत मागपर्यंत गेले होते. बाबाजीने तेव्हा मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

फ्यूज ठीक होता. बल्ब बॅटरीला लावून पाहिले, दोन्ही चांगले. उरला गिअरबॉक्सवरचा स्विच. रिव्हर्स गिअर पडला की तो दाबला जातो आणि दिव्यांना करंट मिळतो. बाबाजीने त्याच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडल्या आणि विचारलं. मास्तर नाही म्हणाले. त्याने वायर मागपर्यंत तपासली, अर्थिंगचा गंज घासला. पुन्हा नाही. मास्तरांच्या शब्दाची खात्री करून घ्यायची पद्धत त्यांच्या विद्यार्थ्यांत नव्हती.

तिसऱ्या 'नाही'नंतर मात्र त्याने कंटाळून मान वळवली. चाकांमधून मागची भिंत दिसत होती. भिंतीवर पांढरा स्वच्छ उजेड पडला होता, आणि मास्तरांचे पाय दिव्यांपासून हातभर अंतरावर होते.

बाबाजी तसाच पडून राहिला. ह्या माणसाने सख्ख्या भाच्याला नापास केलं होतं. बाबाजीलाही केलं होतं, पण त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तो माणूस आज एका गाडीसाठी खोटं बोलत होता. गोकुळदासला दिलेला शब्द मास्तर मोडणार नाहीत. गाडीच नापास झाली, तर गोष्ट वेगळी.

त्याने वायरी सोडवल्या. तसला एक नवा स्विच त्याच्या डब्यात होता. बाहेर येऊन त्याने डब्यावर फडकं टाकलं.

"स्विच गेलो, मास्तर. असलो आता खंय गावाचो नाय, बाजारातय मिळाचो नाय."

गोकुळदास आला. त्याने स्वतः गिअर टाकून पाहिला, मागे जाऊन पाहिलं, हळहळला आणि चहा न घेता गेला.

मास्तरांनी त्याला दूर जाऊ दिलं. मग त्यांनी बाबाजीचा दंड धरून हळू आवाजात विचारलं, "खरंच पेटत नव्हते? एकदाही?"

"एकदाही नाय. देवाशपथ."

मास्तर एकदम मोकळे झाले. त्यांनी वत्सलाबाईला हाक मारली, आलोच आहोत तर मोरजीचा समुद्र बघून जाऊ म्हणाले. ती शेजारी बसली. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हिला बोललो नव्हतो," ते इंजिनाच्या आवाजाआड म्हणाले. "पणजीचा डॉक्टर म्हणाला, तुमची नजर गेली, समोरचं दिसत नाही, गाडी सोडा. म्हणून तर विकत होतो. आज तूच माझी परीक्षा घेतलीस बघ. तिन्ही उत्तरं बरोबर आली," आणि त्यांनी क्लच सोडला.