मामांच्या आवाजाची ऊब

“कोणाला सांगून पटायचं नाही ताई, पण आमची लिफ्ट गेले कित्येक महिने बंद आहे,” मामा माइकला म्हणाले. “आठवा मजला! कबुतरंसुद्धा चौथ्यावर टेकतात, धाप टाकतात, मग पुढे उडतात. गॅसवाला सिलिंडर खाली ठेवतो, वर बघून हात जोडतो आणि निघून जातो. परवा केळी आणली. खाली घेतली तेव्हा हिरवीगार होती, वर पोचेपर्यंत पिकली. अशा ठिकाणी आईला आणू कसा, तूच सांग. खांद्यावर घेऊन चढलो असतो गं, पण माझी ही कंबर...”

इथे मामांनी आवंढा गिळला. तो ठरवून गिळलेला होता.

हेडफोन लावून बसलेल्या भाच्यानं मान वर केली नाही. माइकचा स्टँड काखेत धरून तो नुकताच त्याच लिफ्टनं वर आला होता.

मावशीकडे राहणाऱ्या आजीला रविवारी इथे यायचं होतं. सोमवारी मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. ते एकदा पुढे ढकललं होतं. त्या वेळी मामांकडचं पाणी बंद होतं. फोनवर मामांचं काही चालेना, मावशी मध्येच प्रश्न विचारायची. म्हणून हा रेकॉर्ड करून पाठवायचा निरोप, बेडरूममध्ये, आवाज घुमू नये म्हणून कपाटाच्या दारांवर रजया टाकून. मामींनी पंखा बंद केला होता, बेलची वायर काढली होती आणि दाराशी बसून त्या पदरानं वारा घेत होत्या.

“कसं आलंय?” मामांनी विचारलं.

“स्वच्छ आलंय.”

“स्वच्छ नको रे बाबा. स्वच्छ म्हणजे सोसायटीची नोटीस वाचल्यासारखं वाटतं. ऊब पाहिजे. त्या साबणाच्या जाहिरातीला दिली होतीस ना, तशी.”

“आईच्या मायेची,” मामींनी दारातून पुरवलं.

पूर्वी ऊब यावी म्हणून आवाज व्हॉल्व्हच्या प्रीअँप नावाच्या डब्यातून जायचा. आत काचेच्या नळ्या तापायच्या आणि बोलणाऱ्याचा गळा मऊ, भरदार होऊन बाहेर पडायचा. आता तो डबा लॅपटॉपच्या पडद्यावर नुसता चित्रात असतो. चित्रातली नळी चित्रातच लाल होते. भाच्यानं चित्रातलं बटण थोडं फिरवलं.

मामांचा आवाज जाड झाला, जवळ आला, पांघरुणासारखा अंगावर पसरला. पण ही ऊब निवडून देता येत नाही. मोठा आवाज ती दाबते आणि बारीकसारीक सगळं वर काढते. कवळीची टकटक वर आली. दाढेत घोळणारी खोकल्याची गोळी, ओठ सुटतानाची चिकट तार, थुंकी गिळल्याचा घोट, सगळं उबदार होऊन आलं. आपला कान कोणीतरी आतून चाटतंय असं वाटून भाच्यानं हेडफोन क्षणभर बाजूला केले.

मग पुन्हा लावले. ‘कंबर’च्या मागे, फार खोल, कोणीतरी बाई बोलत होती.

हेडफोन त्यानं मामांच्या डोक्यावर चढवले.

मामांनी डोळे मिटून ऐकलं. केळ्यांपर्यंत हसले, खांद्यापाशी गंभीर झाले आणि कंबरेला त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. त्या बाईचं त्यांना काहीच वाटलं नाही. ती दिवसभर दाराबाहेर बोलायची. घरातल्या घड्याळाइतकीच ती त्यांना ऐकू यायची बंद झाली होती.

“काय माणूस आहे रे हा!” मामा स्वतःबद्दलच म्हणाले. “दगडाला पाझर फुटेल. आणखी दे.”

“मामा, आणखी दिली तर मागचं सगळं वर येईल.”

“येऊ दे की! मागचंच आठवायला हवं तिला. लहानपणी पाठीवर घेऊन फिरवायची मला.”

मागचा आवाज पुसायचं बटण भाच्याच्या बोटाखालीच होतं. त्यानं बोट उचललं आणि उबेचं बटण शेवटपर्यंत नेलं. पडद्यावरची नळी रसरशीत लाल झाली. निरोप मावशीच्या फोनवर गेला.

मामींनी पंखा लावला. मामांनी नवी गोळी तोंडात टाकली. भाचा हेडफोनच्या गाद्या रुमालानं पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.

फोन वाजला. मामांनी स्पीकर चालू करून तो गादीवर ठेवला आणि तोंडावर बोट धरलं.

“ऐकलं रे,” मावशी म्हणाली. तिचा आवाज ओला होता. “किती वर्षांनी असा बोललास. मी म्हटलं, जाऊ दे, गुडघ्याचं बघू पुढे कधीतरी.”

मामांनी भाच्याच्या पाठीवर थाप मारली.

“रडू नकोस ताई,” ते फोनकडे वाकून म्हणाले. “लिफ्ट सुरू झाली की पहिला मान आईचा. मी स्वतः तिला घेऊन येईन.”

“आई परत परत लावायला सांगतेय बघ. आत्तापर्यंत कानाशी धरून बसली होती. थांब, तिला बोलायचंय.”

फोन हातातून हातात गेला. बांगडी वाजली. दाराबाहेर काहीतरी घरघरत येऊन थांबलं. मामी उठून बाहेरचं दार लोटायला धावल्या.

“ऐकू येतंय का रे?” आजीनं विचारलं.

“येतंय आई, बोल ना. कसा वाटला माझा आवाज?”

“छान आहे. अगदी जवळ बसल्यासारखा.” आजी म्हणाली. “ती मागे एक बाई बोलतेय, ‘कृपया दरवाजा बंद करा’ म्हणून. लिफ्ट बंद आहे ना तुमची? मग ती दार लावायला सांगतेय कुणाला?”