चोविसावी कुल्फी

ट्रेमध्ये तेवीसच कुल्फ्या होत्या. संघमित्राने पुन्हा मोजल्या. तेवीस.

सकाळी तिने चोवीस ओतल्या होत्या. साबणाचा बेस वितळवायचा, त्यात केशरी रंग आणि पिस्त्याच्या वासाचे थेंब टाकायचे, साच्यात ओतून मधोमध काडी खोचायची. दमट हवेत या साबणाला घाम फुटतो. मग तो फ्रीजरमधून आत्ताच काढल्यासारखा दिसतो. लोक त्याच्यासाठीच घ्यायचे. आजची ऑर्डर सेक्टरमधल्याच एका वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टची होती. रिबन कमी पडली म्हणून ती खाली दुकानात गेली, वीसेक मिनिटं. कोपरखैरण्याच्या त्या बिल्डिंगमध्ये दुपारी कुणी दार लावत नसे. मुलं या घरातून त्या घरात पळत असायची.

चपलांच्या स्टँडपाशी तिला काडी सापडली. काडीला नखाएवढा साबण उरला होता आणि त्यावर दात उमटले होते.

तिने आतल्या खोलीत डोकावून सासूबाईंना विचारलं, पोरं आली होती का. दुर्गाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. न्हाई, म्हणाल्या. त्यांना झोप लागली असणार, असं संघमित्राला वाटलं. एरवी त्या दाराशी बसून कुल्फ्या कागदात गुंडाळायच्या आणि हात पुढे करणाऱ्या प्रत्येक पोराला बजावायच्या, की साबण हाय बाळा, तोंडात घालायचा न्हाई.

संघमित्राने ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. मोठ्या माणसाचं उलटी-जुलाबावर निभावेल, ते म्हणाले, पण लहान मूल असेल तर उलटीबरोबर फेस छातीत जाऊ शकतो. आधी मूल शोधा.

मग तिने नवऱ्याला फोन केला. आकाश तुर्भ्याला कंपनीत ड्युटीवर होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की ग्रुपवर काही टाकू नको. घरात धंदा करता म्हणून गेल्याच महिन्यात सेक्रेटरींनी तोंडी समज दिली होती. आता हे कळलं तर साबण तर बंद होईलच, वर भाड्याची खोलीही जाईल.

"कोणाला काय झालं तर कळेलच ना," तो म्हणाला.

"कळेल तोवर उशीर झालेला असेल," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सोसायटीच्या ग्रुपवर तिने काडीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, की माझ्या घरातला साबण एका मुलाने खाल्लाय, चूक माझी आहे, सगळ्यांनी आपापली मुलं बघा.

दोन मिनिटांत जिना पायांनी भरला. बिल्डिंगमध्ये लहान मुलं सात. एकेकाचं तोंड उघडून बघितलं जात होतं, वास घेतला जात होता. पाच जण सापडले. सहावी क्षिप्रा गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपली होती, लपाछपीचं राज्य अजून संपलं नव्हतं म्हणून हाका ऐकूनही बाहेर येत नव्हती. उरला पार्थ. दुसऱ्या मजल्यावरच्या रंजिताचा चार वर्षांचा मुलगा.

पार्थ मोरीत बसून ओकत होता. त्याची बोटं पिवळी होती.

संघमित्रा पुढे झाली, गुडघ्यावर बसली, त्याचा चेहरा हातात धरून तोंडाजवळ नाक नेलं. तिने त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. तो रडत रडत सांगत राहिला, आंबा. रंजिताने स्वयंपाकघरात जाऊन पातेल्याचं झाकण काढलं. रात्रीसाठी केलेला आमरस अर्धा संपला होता.

जिन्यात कोणीतरी हसलं. रंजिता हसली नाही. तिने पार्थला कडेवर घेतलं आणि सगळ्यांसमोर संघमित्राला सांगितलं, की आज माझ्या पोराचं नशीब होतं म्हणून वाचला. उद्यापासून हा धंदा या बिल्डिंगमध्ये दिसता कामा नये. सेक्रेटरीही मान हलवत होते.

"बंद करते," संघमित्रा म्हणाली. "पण आजची रात्र सगळ्यांनी मुलांवर लक्ष ठेवा."

ती जिना उतरायला लागली. सातही मुलं धडधाकट होती. बाहेरचं पोर बिल्डिंगमध्ये येत नाही, गेटवर वॉचमन असतो. तिने त्यालाही विचारलं होतं. कोणीच आलं नव्हतं. मग कुल्फी खाल्ली कोणी? प्रत्येक पायरीवर ती तोच विचार करत होती.

घरात शांतता होती. तिने दार लावून घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. सासूबाईंना सांगावंसं वाटत होतं, की आई, संपलं सगळं. खोलीत केशर-पिस्त्याचा वास होता. तिला आधी वाटलं, आपल्याच हातांचा असेल.

दुर्गाबाई कुशीवर वळल्या. त्यांच्या ओठांच्या कडेला पांढरा फेस वाळला होता आणि उशीवर ओला डाग पडला होता.

"आई, तुम्ही खाल्लीत?" संघमित्राने विचारलं.

दुर्गाबाई घाईघाईने उठून बसल्या. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. दाराकडे एकदा बघून घेतलं आणि संघमित्राचा हात धरून त्या हळूच म्हणाल्या,

"माझ्या सुनेला सांगू नका, ताई. तिच्या इकायच्या हायत त्या. लई कष्टाळू पोरगी हाय."