पंधरा छर्रे

डबीच्या झाकणात पंधरा छर्रे होते. जयमालानं दोनदा मोजले. नियम दहाचा होता.

तिनं हळूच मान वळवली. नेमबाजी क्लबच्या कोच योगिनीताई पलीकडच्या लेनवर नेमाचा नवा कागद लावत होत्या. जयमालानं झाकणावर अलगद तळहात ठेवला. हा तिसरा रविवार. तिन्ही रविवारी पंधराच. ताईंचं मोजणं कच्चं आहे, असं तिनं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याच्या चुकीत आपण कशाला नाक खुपसायचं?

छर्रे परदेशातून यायचे, ते यायचे थांबले होते. सातशेची डबी पंधराशेला गेली, मग पंधराशे देऊनही मिळेना. तेव्हा योगिनीताईंनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "ज्यांच्या घरी असतील त्यांनी आणून या कपाटात टाका. प्रत्येकाला रविवारी दहा. बाकी सराव रिकाम्या बंदुकीवर." कुणी डबी आणली, कुणी अर्धी. जयमाला म्हणाली, "माझ्याकडं एकबी न्हाई, बाई."

पिंपळे सौदागरच्या तिच्या फ्लॅटमध्ये गव्हाच्या पिंपात, अगदी तळाशी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या सहा डब्या होत्या. टंचाईची कुणकुण लागली त्याच दुपारी तिनं जाऊन दुकानातल्या होत्या तेवढ्या उचलल्या होत्या.

तशी ती हावरट बाई नव्हती. शेजारणीला वाटीभर साखर दिली तर वाटीही परत मागायची नाही. पण तीस वर्षं तिनं सासऱ्यांचं पथ्य, अर्जुनरावांचा डबा आणि पोरांच्या परीक्षा सांभाळल्या होत्या. पन्नाशीत गुडघ्यासाठी योगाच्या वर्गाला निघाली आणि शेजारच्या हॉलमधून 'टक्' असा आवाज आला म्हणून डोकावली, ती तिथलीच झाली. योगा राहिला, गुडघाही राहिला. रविवारचे हे दोन तास तेवढे तिचे होते. त्यात वाटेकरी नको वाटले, एवढंच. मात्र त्या दिवसापासून दळणाला गहू काढताना तिचा हात वरच्यावर फिरायचा. तळाशी जायला कचरायचा.

तिनं पंधराही छर्रे मारले. कागदावर मधोमध चांगलं भोक पडलं. मग रिकाम्याची पाळी आली. खटका दाबायचा, आणि छर्रा असता तर कुठं लागला असता ते मोठ्यानं सांगायचं. मधोमध म्हणजे दहा, जितका लांब तितका आकडा कमी. तपासायला कागदावर खूण नसते. सांगणाऱ्यानं खरं सांगायचं, एवढाच नियम.

"आठ. खाली गेला," शेजारच्या लेनवरची अंजली म्हणाली. टक्. "सात. श्वास सुटला."

कॉलेजातली ही पोर देहूरोडहून दोन बस बदलून यायची. येत्या शनिवारी तिची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. सगळ्यांच्या आधी येऊन लेनवर झाकणं मांडायचं कामही तीच करायची.

टक्. "धा," जयमाला म्हणाली. टक्. "धा."

"रिकाम्यावर तुम्ही थेट ऑलिंपिकला जाल, जयमालाताई," योगिनीताई तिकडून म्हणाल्या. हॉल हसला. जयमालाही हसली. हसता हसता तिनं विषय अंजलीकडं ढकलला. "बाप दारूगोळ्याच्या कारखान्यात आन् लेकीला छर्रा मिळंना. काय गं हे?"

"तिथला आणला तर ही भिंत राहील का काकू?" अंजली म्हणाली आणि पुन्हा नेम धरला. टक्. "सहा."

तो सहा जयमालाला लागला.

खरं तर आज ती डब्या घेऊनच निघाली होती. पिंपातून काढल्या तेव्हा सहा होत्या. दारात चपला घालताना तीन राहिल्या. स्कूटर सुरू करेपर्यंत पर्समध्ये एक उरली. वाक्यही तयार होतं. कपाट आवरताना मागं सापडली गं, माझ्या ध्यानातच नव्हती. तिनं पर्स उचलली, आत हात घातला आणि अंजलीच्या लेनपाशी गेली. अंजलीचं झाकण केव्हाच मोकळं झालं होतं.

"संपले का गं तुझे धा?"

"पाचच होते ना."

"पाच कसे? आपल्याला धा मिळत्यात की."

अंजलीनं योगिनीताईंकडं एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "बाकीचे पाच तुमच्या झाकणात टाकते मी. ताईंना सांगू नका हं, ओरडतील."

"माझ्या? आन् ते का?"

"तुमच्याकडं एकही नाही म्हणालात ना. आणि..." पोर जराशी अडखळली. "राग मानू नका काकू. रिकाम्यावर तुम्ही प्रत्येक वेळी दहाच सांगता. मला रिकामं चालतं, मी स्वतःला खरं सांगते. तुम्हाला खऱ्या छर्ऱ्यांची जास्त गरज आहे."

पर्समधला हात तसाच राहिला. बोटांना डबीचा गार पत्रा लागत होता. डबी आतच सोडून तिनं हात बाहेर काढला.

जयमाला आपल्या लेनवर परत आली. पर्स टेबलावर ठेवली. बंदूक उचलली, रिकामीच. गाल टेकवला, श्वास धरला. पलीकडचं काळं वर्तुळ आज तिला फार लांब वाटलं.

टक्.

"किती?" योगिनीताईंनी सवयीनं विचारलं. दोघीतिघी आधीच हसायच्या तयारीत होत्या.

"बाहेर," जयमाला म्हणाली. पर्समधून डबी काढून तिनं टेबलावर ठेवली. "आन् घरी गव्हात अजून पाच हायेत."